अक्काचं बी आणि तीन नंबर

ड्रायव्हरने उभं आयुष्य बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर तो थोरल्या बहिणीच्या शेतावर राहायला आला. बायको जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगी लग्न करून लांबच्या शहरात गेली होती, आणि डेपोमागच्या भाड्याच्या खोलीत भिंतींकडे बघत बसायचा त्याला कंटाळा आला होता. अक्काने निरोप पाठवला की गोठ्याशेजारची खोली रिकामीच पडली आहे, यायचं तर ये. तेवढं पुरलं. दोन ट्रंका, एक गादी आणि भंगारात निघालेल्या त्याच्या बसचा बाहेरचा मोठा आरसा, एवढा संसार घेऊन तो येऊन थडकला.

आरसा त्याने दुसऱ्याच दिवशी गोठ्याच्या खांबाला ठोकला. शेळ्यांना चारा घालता घालता घरामागचा रस्ता दिसावा, हा त्यामागचा विचार. मागचं दिसत नसलं की त्याला चैन पडत नसे. अक्का म्हणाली की शेळ्यांना आता वेणीफणी करायची सोय झाली, आणि तो विषय तिथेच संपला.

अक्काने लग्न केलं नव्हतं. वडिलांच्या मागे जमीन तिनेच राखली. टेकडीच्या उतारावरचं लहानसं शेत, माती भुसभुशीत आणि तांबूस, भुईमुगाला अगदी मानवणारी. दरवर्षी शेंगा निघाल्या की ती अंगणात पाय पसरून बसायची आणि पुढच्या सालचं बी एकेक शेंग बोटांनी चाचपून बाजूला काढायची. हे बी आईच्या हातचं. आईनंतर अक्काच्या हातचं. शेजारपाजारचे लोक पेरणीच्या आधी तिच्याकडे बी मागायला यायचे आणि ती आधी थोडं ऐकवून मग द्यायची. ड्रायव्हर नोकरीत असताना तर ती दर महिन्याला शेंगांची पिशवी कंडक्टरच्या हाती डेपोवर पाठवायची. त्याच्या हाताखाली शिकून गेलेल्या नव्या ड्रायव्हरांनाही पहिल्यांदा काय आठवायचं, तर साहेबांच्या बहिणीच्या शेंगा.

तिच्या लेखी मात्र तो अजून छोट्याच होता. अठ्ठावन्न वर्षांच्या, पोट सुटलेल्या, कल्लेदार मिशीच्या माणसाला भर रस्त्यात ‘ए छोट्या’ अशी हाक आली की बघणारे गालातल्या गालात हसायचे. त्याची त्याला सवय होती. बोचत होतं ते वेगळंच. शेतात त्याला कुणी काही काम सांगत नव्हतं. खुरपं हातात घेतलं तर अक्का म्हणायची, राहू दे, रोपं कापशील. पाणी द्यायला गेला तर म्हणायची, राहू दे, चिखल करशील. इतकी माणसं रोज सुखरूप पोचवणारा माणूस इथे शेळ्यांची दोरी धरण्यापुरता उरला होता.

अशात शेंगाबाई आल्या.

त्यांचं खरं काम बियाणं केंद्रात होतं. केंद्रात भुईमुगाचे नवे वाण तयार केले होते, पण केंद्राच्या जमिनीला खत, पाणी, माणसं कशाचीच ददात नसते. तिथे भरभरून आलेला वाण लहान शेतकऱ्याच्या शेतात, त्याच्या त्याच्या पद्धतीने, कसा येतो हे बघणं बाईंकडे होतं. स्कूटरला दोन्हीकडे पिशव्या लटकवून त्या गावोगाव फिरायच्या, म्हणून लोकांनीच त्यांना शेंगाबाई केलं होतं. त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. एका दुपारी शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी शेतकऱ्यांना जमवलं आणि विचारलं, की आपल्या शेताचा एक तुकडा कोण देईल. पाच नवे वाण आणि सहावं त्या घरचं स्वतःचं बी, असे सहाही शेजारी शेजारी पेरायचे. प्रत्येक दोनदा, म्हणजे एका जागेची माती जरा बरी निघाली म्हणून कुणाचा फायदा व्हायला नको. मशागत तुमचीच, मोजमाप माझं.

लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. आणि ड्रायव्हरचा हात वर गेला.

हात वर करताना त्याला वाटलं की आता काहीतरी आपलं म्हणून होईल. हात खाली आणताना आठवलं की शेत अक्काचं आहे.

घरी आल्यावर त्याने ते जेवणं झाल्यावर, भांडी घासून झाल्यावर, अगदी चाचरत सांगितलं. अक्काने विचारलं, की माझ्या बियाला काय धाड भरली आहे? त्याने समजावलं की तसं कुणी म्हटलेलं नाही, उलट तुझंही बी त्यात आहे. मग परक्यांच्या पाच पोरांत माझं एक उभं करून त्याची परीक्षा घ्यायची का, असं तिने विचारलं. दोन दिवस घरात फक्त शेळ्याच मोकळेपणाने बोलत होत्या.

तिसऱ्या दिवशी शेंगाबाई जागा बघायला आल्या, तेव्हा अक्का कमरेवर हात ठेवून बांधावर उभी होती. बाईंनी मातीची मूठ उचलली, चुरली, वास घेतला आणि म्हणाल्या, इतकी सुंदर जमीन या भागात मी पाहिली नाही. हे त्या प्रत्येक ठिकाणी म्हणत असतील असं ड्रायव्हरला वाटून गेलं, पण अक्काचा चेहरा जरा सैलावला. तिने एकच अट घातली. तिच्या बियाला दोन चांगल्या जागा मिळायला हव्यात.

“जागा चिठ्ठ्या टाकून ठरतात अक्का,” बाई म्हणाल्या. “तुम्हीच उचला चिठ्ठ्या. पण जी निघेल ती निघेल.”

अक्काने चिठ्ठ्या उचलल्या. तिच्या बियाला एक वाफा वरच्या पट्ट्यात, बांधाच्या कडेचा मिळाला, आणि एक खालच्या पट्ट्यात, शेळ्यांच्या पाण्याच्या हौदाजवळचा.

पेरणीच्या दिवशी बाईंनी प्रत्येक वाफ्यापाशी लाकडी खुंटी ठोकली. नव्या वाणांना नावं नव्हती, नुसते एक ते पाच असे नंबर होते. सहावी खुंटी अक्काच्या बियाची. नियम एकच होता आणि तो बाईंनी दोनदा सांगितला. एका वाफ्याला जे कराल ते सगळ्यांना करायचं. एकाला खुरपणी तर सगळ्यांना खुरपणी, एकाला पाणी तर सगळ्यांना पाणी, आणि एकाला नाही तर कुणालाच नाही. ड्रायव्हरला हा नियम फार आवडला. बसमध्ये त्याचा तोच नियम होता.

आता त्याला काम मिळालं. रोज सकाळी चहा झाला की तो वाफ्यांवरून फेरी मारायचा. कुठे उगवण विरळ आहे, कुठे किडा लागला आहे, सगळं बघायचा आणि बाईंना फोन करून सांगायचा. अक्का लांबून बघायची. पुढे पुढे तीही त्याच्याबरोबर यायला लागली, आणि त्याने खुरप्याने खरंच रोपं कापली तेव्हा तिने खुरपं हिसकावून न घेता ते कसं धरायचं हे दाखवलं. “मनगट सैल सोड. स्टिअरिंग नाहीये ते,” ती म्हणाली. फुलं आली, पिवळी, ठिपक्यांसारखी. फुलं गळाल्यावर आऱ्या सुटल्या आणि सुयांसारख्या वाकून मातीत शिरायला लागल्या. त्या आऱ्यांच्या टोकाला जमिनीखाली शेंग धरते हे जन्मभर शेंगा खाल्लेल्या ड्रायव्हरने पहिल्यांदाच गुडघ्यावर बसून पाहिलं. तो कितीतरी वेळ तसाच बसून राहिला आणि उठताना अक्काला त्याला हात द्यावा लागला.

आणि मग पावसाने दडी मारली.

आभाळ कोरडं ठणठणीत. आठवडा गेला, दुसरा गेला. दुपारी भुईमुगाची पानं मिटून जायची आणि संध्याकाळी कशीबशी उघडायची. अशा वेळी सहा वाफे सहा तऱ्हांनी वागायला लागले. पाच नंबर, जो आधी सगळ्यांत दांडगा वाढला होता, तो पार मान टाकून बसला. एक नंबर पिवळा पडला. तीन नंबर मात्र अंगाने बेताचा आणि तरी हिरवा. त्याची फुलं सगळ्यांआधी आली होती, आऱ्या सगळ्यांआधी मातीत गेल्या होत्या, आणि आता जणू त्याचं काम उरकलं होतं. अक्काच्या बियाची पानं टोकांना करपली आणि वर तांबडे-काळे ठिपके उमटले.

अक्काने फेरीला येणं बंद केलं. विचारलं तर सांगायची, शेळ्यांचं आहे, धुण्याचं आहे. शेजारचा पिठाच्या गिरणीवाला बांधावरून सहज म्हणून गेला, की अक्का, यंदा तुमच्यापेक्षा त्या बाईंचं पीक बरं दिसतंय. एरवी तिने त्याला पुरतं सोलून काढलं असतं. त्या दिवशी ती नुसती हं म्हणाली. संध्याकाळी ड्रायव्हरने पाहिलं, की मागच्या सालच्या बियाचा डबा समोर घेऊन ती बसली होती, आणि शेंगा हातात घेऊन परत ठेवत होती. निवडत नव्हती. नुसती बघत होती.

ड्रायव्हरला ते बघवेना. हे सगळं आपण हात वर केला म्हणून झालं, असं त्याच्या मनाने घेतलं. आपण आलो नसतो तर तिचं बी तिच्या शेतात सुखात असतं. यंदा पीक कमी आलं असतं तर लोक पावसाला बोलले असते, बियाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का शेळ्या घेऊन ओढ्याकडे गेली आणि त्याने हौदातून बादली भरली. हौदाजवळच तिच्या बियाचा खालचा वाफा होता. मुळाशी अलगद, आवाज न करता, एकेक ओळ भिजवत त्याने पाणी घातलं. आजूबाजूच्या वाफ्यांत जाणार नाही याची काळजी घेतली. वरून कोरडी माती भुरभुरवली, म्हणजे ओल दिसू नये. परवा परत. मग एक दिवसाआड नेमच झाला. चार-दोन फेऱ्यांत पानं तरारली. वरच्या पट्ट्यातल्या वाफ्यालाही द्यावं असं त्याला वाटलं, पण चढावर भरलेल्या बादल्या नेणं त्याच्या गुडघ्यांना झेपण्यातलं नव्हतं.

अक्काला त्याने बळेच बोलावून आणलं आणि खालचा वाफा दाखवला. बघ, सावरलं की नाही तुझं बी. अक्का वाकली, पान उलटून पाहिलं, आणि खूप दिवसांनी हसली. तेवढ्याने त्याचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी तो दुपारी गाढ झोपला.

पण ती अक्का होती. वर तेच बी, तीच माती, आणि वर करपलेलं असताना खाली तरारतं कसं, हा प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना. एका सकाळी तिने शेळ्या निम्म्या वाटेवर एका शेजारणीच्या ताब्यात दिल्या आणि घरामागच्या रस्त्याने परत आली. गोठ्याच्या कोपऱ्यावर पोचली आणि तिचं लक्ष वर, खांबाकडे गेलं. बसच्या आरशात हौद दिसत होता, हौदाशी तिचा भाऊ दिसत होता, आणि भावाच्या हातात बादली.

ती ओरडली नाही. सावकाश चालत आली आणि पालथ्या घमेल्यावर बसली. ड्रायव्हरने मान वर केली तेव्हा बादली अर्धी ओतून झाली होती.

“किती दिवस?” तिने विचारलं.

“आठ-दहा दिवस झाले असतील.”

“का?”

मिशी ओढत तो उभा राहिला. शेवटी म्हणाला, “तू बोलत नव्हतीस, अक्का. तुझं तोंड उतरलेलं मला बघवत नव्हतं.”

अक्काने त्या ओल्या ओळींतली चिमूटभर माती बोटांत चुरली. मग म्हणाली, “माझं बी हरलं तर मला वाईट वाटेल. वाटलं तर वाटलं. दोन दिवस नीट जेवणार नाही, तिसऱ्या दिवशी जेवेन. पण ते खोटं जिंकलं, तर मी लोकांना बी देताना काय तोंडाने देऊ?”

तो खाली बसला.

“बाईंना सांगायचं,” ती उठत म्हणाली. “तू सांगायचं. मी नाही.”

बाई यायला अजून काही दिवस होते आणि ते ड्रायव्हरने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. नोकरीत त्याच्या हातून कधी अपघात झाला नव्हता. आता त्याला सारखं वाटायचं की आपण भरलेली गाडी कलंडवली. मध्येच थोडा पाऊस झाला, सगळ्या वाफ्यांवर सारखा पडला, आणि त्याला पावसाचा हेवा वाटला.

शेंगाबाई आल्या. अक्काने चहा ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, ड्रायव्हरला पळवाट राहू नये अशी. त्याने कप खाली ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग उठल्या आणि वाफ्यांवर गेल्या. कुठला वाफा, कधीपासून, एका वेळी किती पाणी, शेजारी झिरपलं असेल का, असं एकेक विचारत गेल्या. आवाज चढला नाही, पण चेहऱ्यावर हसूही नव्हतं. या हंगामात त्यांची दोन शेतं रानडुकरांनी उकरून टाकली होती आणि एका ठिकाणी खुंट्याच कुणीतरी चुलीत घातल्या होत्या. हे शेत त्यांना सगळ्यांत भरवशाचं वाटत होतं.

“काका,” त्या म्हणाल्या, “तुम्ही बोलला नसता तर मी खालचा आकडा खरा धरला असता. मग एक चांगला वाण मागे पडला असता. कोरड्या सालात ज्याच्या शेतात तो तगला असता, त्याच्यापर्यंत तो पोचलाच नसता. तुम्हाला कळलंही नसतं तो माणूस कोण.”

“हो,” ड्रायव्हर म्हणाला.

दारातून अक्काने विचारलं की मग आमचं शेत बाद का. बाईंनी थोडा विचार केला. खालचा पट्टा पूर्ण बाद, म्हणाल्या, कारण पाणी शेजारी गेलं नाही याची खात्री देता येणार नाही. वरचा पट्टा शाबूत आहे. तो कामाला येईल. त्यांनी पिशवीतून लाल फीत काढली आणि खालच्या पट्ट्याभोवती बांधायला सुरुवात केली. ड्रायव्हरने दुसरं टोक धरलं. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्याने धरलं, आणि बाईंनीही ते सोडा म्हटलं नाही. निघताना त्या स्कूटर चालू करता करता थांबल्या आणि अक्काला म्हणाल्या, “मला भाऊ नाही. असता तर मी त्याला फक्त चढावरचा वाफा दिला असता.” अक्का हसली. ड्रायव्हरला हसावं की नाही ते कळेना.

पीक तयार व्हायला आलं तेव्हा बाईंनी आसपासच्या शेतकऱ्यांना बोलावलं. वरच्या पट्ट्यात प्रत्येक वाफ्यासमोर पत्र्याचा एकेक रिकामा डबा ठेवला. आलेल्या प्रत्येकाला तीन खडे दिले. झाडं बघा, उपटून बघा, शेंगा फोडून बघा, आणि पुढच्या वर्षी आपल्या शेतात जे पेरावंसं वाटेल त्याच्या डब्यात खडे टाका. हवं तर तीनही एकातच. लोकांना जत्रेत आल्यासारखं झालं. गिरणीवाला आधी सगळ्या डब्यांत वाकून कुणाचे किती पडले ते बघायला लागला, तेव्हा ड्रायव्हरने त्याला दंडाला धरून रांगेत उभं केलं. “आधी चढायचं, मग बसायचं,” त्याने बजावलं. गर्दी हाताळण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

दोन नंबरची झाडं उपटली की निम्म्या शेंगा मातीतच तुटून राहत होत्या, ते बायकांनी लगेच हेरलं, कारण त्या वेचत बसायचं काम त्यांचंच. पाच नंबरच्या शेंगा मोठ्या, पण फोडल्या तर पुष्कळशा पोचट. चार नंबरला नावं ठेवायला जागा नव्हती आणि कौतुक करावं असंही काही नव्हतं. तीन नंबरचं झाड उपटलं की शेंगांचा घोसच्या घोस वर यायचा.

अक्का सगळ्यात शेवटी आली. तिने सहाही वाफ्यांतलं एकेक झाड उपटलं, झटकलं, शेंगा बोटांनी चाचपल्या, अंगणात बसून चाचपायची तशाच. स्वतःच्या बियापाशी ती जरा जास्त थांबली. लोक उगाच इकडेतिकडे बघायला लागले. मग ती तीन नंबरपाशी गेली आणि तिचे तीनही खडे एकापाठोपाठ एक डब्यात पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

“माझ्या डब्यात टाका म्हणून मी कुणाला सांगणार नाही,” ती म्हणाली. “पण पाला माझाच चांगला. माझ्या शेळ्यांना विचारा.”

सगळे हसले. ड्रायव्हरने त्याचा एक खडा गुपचूप तिच्या डब्यात टाकला. यावर बंदी आहे का, हे त्याने आधी बाईंना विचारून घेतलं होतं.

काढणी झाली, शेंगा उन्हात खडखडीत वाळल्या आणि वजनाचा दिवस आला. झाडाच्या फांदीला काटा लटकवून बाई एकेक पोतं चढवत होत्या आणि आकडा मोठ्याने वाचत होत्या. तीन नंबर अक्काच्या बियाच्या दीडपट भरला. चार नंबर दुसरा, दोन नंबर तिसरा, तेही मातीत राहिलेल्या शेंगा उकरून काढल्या म्हणून. त्यानंतर अक्काचं बी. एक आणि पाच नंबर तिच्या मागे.

“सहांत चौथी,” अक्का म्हणाली. “शाळेतही माझा नंबर साधारण तिथेच असायचा.” केंद्रात तयार झालेल्या दोघांना तिच्या बियाने मागे टाकलं, हे तिने त्या दिवशी तीन-चार वेळा तरी बोलून दाखवलं, आणि बाईंनी दर वेळी मान डोलावली.

खायला कसे लागतात तेही बघायचं होतं. अक्काने अंगणात चूल मांडली आणि सहाही वाणांच्या शेंगा वेगवेगळ्या भांड्यांत मीठ घालून उकडल्या. बाईंनी सहा ताटल्या मांडल्या आणि कुठलं काय ते कुणाला सांगितलं नाही. ड्रायव्हर आत्मविश्वासाने पुढे सरसावला. त्याने डोळे मिटून एकेक ताटलीतल्या शेंगा खाल्ल्या. तिसऱ्या ताटलीशी त्याचा चेहरा उजळला. त्याने आणखी दोन खाल्ल्या.

“ही अक्काची,” तो म्हणाला. “दर महिन्याला खात आलोय. झोपेतही ओळखीन.”

बाईंनी ताटली उचलून खालचा नंबर पाहिला, आणि ओठ घट्ट मिटून ताटली अक्काकडे दिली. तीन नंबर.

अक्का हसायला लागली. आधी नुसती खांद्यातून, मग तोंडाला पदर लावून, मग तोही सोडून, इतकी की तिला ठसका लागला आणि बाईंना पाणी आणायला धावावं लागलं. ड्रायव्हर भांबावून तिच्याकडे बघत होता. मग तोही हसायला लागला.

“या शेंगेसाठी तू बादल्या वाहिल्यास?” अक्काने डोळे पुसत विचारलं.

“शेंगेसाठी कुठे वाहिल्या,” तो म्हणाला.

मग भांड्यातल्या शेंगांची ओंजळ भरून तिने त्याच्या ताटलीत ओतली आणि बाईंकडे वळून म्हणाली, “खा गं पोरी तूही, अशी उभी काय राहिलीस.” त्या दिवसापासून बाईंना तिने अहोजाहो केलं नाही.

पुढच्या हंगामात बाईंनी तीन नंबरच्या बियाची पिशवी आणून दिली. शेताच्या मोठ्या तुकड्यात काय पेरायचं हे अक्का आणि छोट्याने बांधावर बसून ठरवलं. वरच्या अंगाला तीन नंबर, कडेला दोन ओळी घरच्या बियाच्या, शेळ्यांच्या पाल्यासाठी आणि आईच्या आठवणीसाठी. वाफ्यांची चाचणी बाईंना आणखी एक साल हवी होती. या वेळी हात अक्काने वर केला. बाईंनी ड्रायव्हरला वेगळं काम दिलं. आजूबाजूच्या सगळ्या चाचणी-शेतांवर आठवड्यातून एकदा जाऊन यायचं, खुंट्या जागेवर आहेत का, कुंपण शाबूत आहे का, कुणी एका वाफ्याचे जास्त लाड करत नाही ना, हे बघायचं. लाड कसे चालतात ते त्याच्याइतकं कुणाला कळणार, असं बाईंनी केंद्रात सांगितलं म्हणे. केंद्राने एक जुनी जीप दिली. पहिल्या दिवशी जीपमध्ये बसल्यावर त्याने दोन्ही बाजूचे आरसे नीट केले, सीट पुढे-मागे केली आणि कोण येतंय का म्हणून सवयीने दाराकडे बघितलं. अक्का पायरीवर पाय ठेवून उभी होती. तिला कधी कुठे जायचं नसायचं, पण त्या दिवशी दुसऱ्यांची शेतं कशी आहेत ते बघायचं तिच्या मनात आलं होतं.

ते साल बरं गेलं, त्याच्या पुढचंही. तीन नंबर कोरड्या सालात तगला आणि ओल्या सालातही सगळ्यांच्या पुढेच राहिला. अंगणात पाय पसरून अक्का आता त्याचीच शेंग निवडायची, आणि लोक आधी थोडं ऐकून घेऊन तिच्याकडून तेच बी न्यायचे. पुढे केंद्राने त्या वाणाला रीतसर नाव दिलं. छापील, लांबलचक नाव. बाईंनी ते अक्काला दोनदा म्हणून दाखवलं. अक्काने ते नीट ऐकलं, चांगलं आहे म्हणाली, आणि मग आत जाऊन छोट्याला हाक मारली, की तीन नंबरची पोती उन्हात काढायची आहेत, जरा हात लाव.